जुना टी-शर्ट देऊ नका, पांघरूण द्या

२०२१ साली बकरी ईद २१ जुलैला होती. दुसऱ्या दिवशी चिपळुणात पाणी शिरले. वाशिष्ठी आणि शिव या दोन्ही नद्या घराघरांत आल्या. आम्ही वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे होतो. पाणी ओसरल्यावर खाली उतरलो तर दारात घोट्याच्या वर चिखल. कपाटावर रचून ठेवलेल्या गोधड्या भिजून इतक्या जड झाल्या होत्या की एक उचलायला दोन माणसे लागत होती. त्यांतल्या दोन माझ्या सासूबाईंनी स्वतःच्या हाताने घातलेल्या. धुऊन पाहिल्या, पण पावसात वाळेनात आणि वासही जाईना. शेवटी रस्त्यावरच्या ढिगात गेल्या. सासूबाई तेव्हा काही बोलल्या नाहीत. आत जाऊन बसल्या.

मदत पुष्कळ आली. लांबलांबच्या गावांतून आली, सगळ्या समाजांतून आली. कोणी पाणी दिले, कोणी तांदूळ, कोणी चटया, कोणी नुसतेच फावडे घेऊन आले आणि चिखल काढून गेले. त्या सगळ्यांसाठी आजही मनातून दुआ निघते. पण एक दिवस आमच्या दाराशी कपड्यांचे एक पोते आले. माझी मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती. तिने हात घालून वरचाच कपडा काढला. एक टी-शर्ट होता. गळा उसवलेला, काखेत पिवळा पडलेला, छातीवर कुठल्याशा क्रिकेट संघाचे नाव. तिने तो घडी करून परत आत ठेवला, पोत्याचे तोंड बंद केले आणि मला विचारले, "अम्मी, आपणही असंच देतो ना?"

मला उत्तर सुचले नाही, कारण उत्तर 'हो' असेच होते. दरवर्षी रमजानच्या आधी आम्ही कपाटे आवरतो. नको असलेल्या कपड्यांची गाठोडी बांधतो आणि 'कोणाच्या तरी उपयोगी पडतील' म्हणून देऊन टाकतो. देताना गाठोडे उघडून बघत नाही. त्या दिवशी पहिल्यांदाच आम्ही गाठोड्याच्या दुसऱ्या बाजूला उभे होतो. जी वस्तू आपल्याला कोणी दिली तर आपण डोळे मिटूनच घेऊ, ती दुसऱ्याला देऊ नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. सूरह बकरामध्ये ती आली आहे. ऐकणे वेगळे आणि पोत्यात हात घालणे वेगळे.

मग जुन्या टी-शर्टचे करायचे काय? फेकले तर इस्राफ, दिले तर समोरच्याचा अपमान. या पेचातून आमच्या घरात जे निघाले ते आज वाचक भगिनींना सांगायचे आहे. ते म्हणजे जुन्या टी-शर्टचे पांघरूण, ओव्हरलॉक मशीनवर जोडलेले.

फाटतो तो काठ, कापड नव्हे

माझी मोठी नणंद मुंब्र्याला राहते. आम्ही तिला आपा म्हणतो. घरात ओव्हरलॉक मशीन ठेवून ती होजियरीचे जॉबवर्क करते. कारखान्यातून कापलेल्या तुकड्यांचे गठ्ठे येतात. आपा खांदे, बाह्या आणि बाजू जोडते आणि गठ्ठे परत जातात. त्या डिसेंबरात मी तिच्याकडे गेले होते. पोत्याची गोष्ट सांगितली. तिने तिच्या मुलाचा एक जुना टी-शर्ट आणला, माझ्यासमोर पसरला आणि म्हणाली, "बघ भाभी, हा फाटलाय कुठे? गळ्याला, काखेत, खालच्या पट्टीला. छाती आणि पाठ तर जशीच्या तशी आहे. माणसं टी-शर्ट टाकतात ती काठासाठी टाकतात."

तिचे म्हणणे खरे होते. मोठ्या माणसाच्या टी-शर्टमधून गळा, बाह्या आणि काखा वगळल्या तरी पुढून एक आणि मागून एक असे ३० सेंटिमीटरचे दोन चौकोन सहज निघतात. अनेकदा धुऊन ते कापड नव्यापेक्षा मऊ झालेले असते. एका सुती टी-शर्टमागे, कापूस पिकवण्यापासून धरून, सुमारे २,७०० लिटर पाणी खर्च होते, असा अंदाज नेहमी दिला जातो. एवढे पाणी पिऊन तयार झालेले कापड गळ्याची पट्टी सैल झाली म्हणून संपत नाही.

आपल्यासाठी ही कल्पना नवी नाही. जुन्या लुगड्यांची, चादरींची गोधडी आपल्या आज्या-नान्या घालतच होत्या. कोणी तिला वाकळ म्हणते, सीमेपलीकडे कर्नाटकात कौदी म्हणतात. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी स्त्रियांची कवंदी तर आता देशाबाहेरच्या प्रदर्शनांतही पोचली आहे. सिद्दी हे मूळचे आफ्रिकेतून आलेले लोक. आपल्या मुरूड-जंजिऱ्यावर ज्यांनी राज्य केले तेही सिद्दीच. उत्तर कन्नडमधल्या सिद्दींमध्ये मुस्लिम, हिंदू आणि ख्रिश्चन असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत, आणि तिन्ही घरांत कवंदी शिवली जाते. काठापासून सुरुवात करून आत आत शिवत जातात आणि शेवटी चारही कोपऱ्यांना घड्या घातलेल्या कापडाची छोटी 'फुले' लावतात. फुलांवाचून कवंदी त्यांना उघडी वाटते. चिंध्यांचे पांघरूण, पण कोपरा सजवल्याशिवाय पुरे होत नाही. ही गोष्ट मला फार आवडली.

गोधडीत आणि टी-शर्टमध्ये एकच अडचण आहे. लुगडे, चादर हे मागावर विणलेले कापड. ते ताणले जात नाही. टी-शर्टचे होजियरी कापड म्हणजे स्वेटरसारखी फासांची वीण. ते ओढले की लांबते. मी मुंब्र्याहून परत येऊन आधी घरच्या साध्या मशीनवर प्रयत्न केला. शिवताना पायाखाली कापड ताणत गेले, काठ लाटांसारखे झाले आणि पांघरूण झटकल्यावर तीन ठिकाणी टाके तटकन तुटले. सासूबाईंनी ते उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाल्या, "हे पांघरूण नाही, ही झालर आहे."

ओव्हरलॉक काय करते

शिंपी ज्याला 'इंटरलॉक मारणे' म्हणतात ते बहुधा याच मशीनवर होते. हे मशीन एकाच वेळी तीन कामे करते. शेजारचा चाकू कापडाची कड कापतो, सुया दोन थर जोडतात, आणि लूपर नावाचे दोन आकडे धाग्याने ती कड गुंडाळून टाकतात. साध्या मशीनसारखी यात बॉबिन नसते. चार धाग्यांच्या मशीनमध्ये दोन सुया आणि दोन लूपर असे चार कोन लागतात. हा टाका फासाफासांचा असल्यामुळे कापड ताणले की तोही ताणतो, तुटत नाही. मशीनचा जन्मच अशा कापडासाठी झाला. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात मेरो कुटुंबाचा विणलेल्या कपड्यांचा कारखाना होता. त्या कपड्यांच्या कडा बांधण्यासाठी त्यांनी हे यंत्र बनवले आणि १८८९ मध्ये त्याचे पेटंट मिळाले.

घरी मशीन नसेल तर विकत घ्यायची गरज नाही. चौकोन कापून, रांगा लावून फॉल-पिकोच्या दुकानात न्या. खाली दिलेल्या मापाच्या पांघरुणात चौकोनांचे २८ आखूड जोड आणि रांगांचे ६ लांब जोड असतात. एकूण शिलाई साधारण १७ मीटर. सवयीच्या हाताला हे थोड्या वेळाचे काम आहे. मात्र चार धाग्यांचे मशीन आहे का, हे आधी विचारा. तीन धाग्यांचे असेल तर ते कड चांगली बांधते, पण जोडाला ताकद कमी पडते. अशा वेळी त्या जोडाच्या आतल्या बाजूने साध्या मशीनवर बारीक झिगझॅग टाका घालून घ्या.

माप आणि कापणी

एका माणसाच्या पांघरुणासाठी ३० सेंटिमीटरचे ३५ चौकोन लागतात. रुंदीला ५, लांबीला ७. एका टी-शर्टचे दोन चौकोन धरले तर १८ टी-शर्ट पुरतात. जोडात प्रत्येक बाजूने पाऊण सेंटिमीटर जाते. तयार पांघरूण साधारण १४२ सेंटिमीटर रुंद आणि २०० सेंटिमीटर लांब होते. लहान मुलासाठी ४ बाय ५ म्हणजे २० चौकोन, अर्थात १० टी-शर्ट पुरे.

आधी सगळे टी-शर्ट धुऊन पूर्ण वाळवा. नंतर एकेक उजेडासमोर धरा आणि दोन्ही हातांनी हलकेच ओढा. बारीक भोके दिसली, कापड जाळीसारखे झाले असेल तर तो टी-शर्ट फडक्यांच्या ढिगात टाका. इथे मोह करू नका. एक कच्चा चौकोन शेजारच्या चार जोडांना घेऊन जातो. सुती आणि खेळाचे पॉलिस्टर टी-शर्ट एकत्र जोडू नका. पॉलिस्टर घसरते, घाम शोषत नाही आणि इस्त्रीत वितळू शकते. लायक्रा घातलेले अंगाला घट्ट बसणारे टी-शर्टही बाजूला ठेवा.

जाड पुठ्ठ्याचा ३० सेंटिमीटरचा चौकोन कापून घ्या. तोच साचा. टी-शर्ट बाजूंनी आणि खांद्यावर कापून पुढचा-मागचा भाग वेगळा करा, सपाट पसरा, पण ताणू नका. ताणून कापलेला चौकोन हात सोडला की लहान होतो. होजियरी कापड आडवे जास्त ताणते, उभे कमी. म्हणून प्रत्येक चौकोनाच्या वरच्या कडेला खडूने एक बाण काढा आणि जोडताना सगळे बाण एकाच दिशेने ठेवा. ही खूण विसरली तर एक चौकोन उभा लोंबतो, दुसरा आडवा, आणि पांघरुणाला पोट सुटते.

आमच्या घरी सर्वांत जास्त चर्चा झाली ती चित्रांवरून. टी-शर्टवर चेहरे असतात, प्राणी असतात, कंपन्यांची नावे, निवडणुकीच्या घोषणा असतात. ज्या खोलीत नमाज पढायची तिथे असे पांघरूण कसे टाकायचे? आणि ज्याला द्यायचे त्याने कुणाची जाहिरात अंगावर का घ्यावी? आपाने सोपा मार्ग सांगितला. अशा चौकोनाची उलटी बाजू वर करायची. उलट बाजूने रंग फिके, मातीसारखे, राखेसारखे दिसतात, आणि सगळे एकमेकांत मिसळून जातात. छपाई जाड रबरासारखी असेल तर तो भागच घेऊ नका. त्यातून हवा जात नाही आणि इस्त्रीला चिकटतो.

मशीनवर बसताना

सगळे चौकोन आधी जमिनीवर मांडा. गडद आणि फिके रंग आलटून पालटून येऊ द्या. मांडणी पसंत पडली की मोबाइलवर फोटो काढा. मग एकेक रांग उचलून गठ्ठा करा आणि वर रांगेचा आकडा लिहिलेली चिठ्ठी ठेवा. आमच्याकडे हे काम मुलीने घेतले. फोटो बघून ती एकेक चौकोन माझ्या हातात देत होती.

आता काही गोष्टी, ज्या मी चुका करून शिकले.

पहिली म्हणजे टाचण्या लावू नका. मी सवयीने लावल्या. एक टाचणी चाकूखाली गेली, कट्कन आवाज झाला आणि चाकूला खाच पडली. त्यानंतर कापड कापले न जाता कुरतडले जाऊ लागले. टाचण्यांऐवजी कपडे वाळत घालायचे छोटे चिमटे लावा आणि पायाजवळ आले की काढा.

दुसरी म्हणजे सुई. होजियरीसाठी गोल टोकाची, बॉलपॉइंट म्हणतात ती सुई लावा. टोकदार सुई फासाचा धागाच तोडते आणि दोन धुण्यांनंतर जोडाशेजारी भोकांची रांग दिसू लागते.

तिसरी म्हणजे डिफरेन्शियल फीड. मशीनच्या बाजूला १ आणि त्याच्या पुढे-मागे आकडे असलेली एक कळ असते. तिच्यामुळे पुढचे दात मागच्यांपेक्षा जास्त कापड आत ढकलतात आणि कापड ताणले जात नाही. साधारण १.३ वर ठेवून सुरुवात करा. शिलाईला लाटा आल्या तर आकडा वाढवा, चुण्या पडल्या तर कमी करा. टाक्याची लांबी अडीच ते तीन मिलिमीटर पुरे. हे सगळे आधी बाह्यांच्या उरलेल्या तुकड्यांवर करून बघा.

चौथी म्हणजे धागे ओवणे. याचीच बायकांना भीती वाटते. आधी वरचा लूपर, मग खालचा लूपर, आणि सुया सर्वांत शेवटी. क्रम चुकला की शिलाई उसवते किंवा धागा तुटत राहतो. कोन बदलायचा असेल तर जुना धागा कोनाजवळ कापा, नव्या धाग्याला गाठ मारा आणि ओढून घ्या. फक्त सुईच्या नेढ्याजवळ गाठ आली की कापून हाताने ओवा.

पाचवी म्हणजे चाकूला फार खायला देऊ नका. कडेचे एक-दोन मिलिमीटर कापले गेले पाहिजेत, तेवढेच. रांगेत एका चौकोनाचे जास्त कापले गेले तर पुढच्या रांगेशी कोपरे जुळत नाहीत.

आधी पाच-पाच चौकोनांच्या सात रांगा करा. मग रांगा एकमेकींना जोडा. पहिल्या रांगेच्या शिलाया डावीकडे मोडा, दुसरीच्या उजवीकडे, म्हणजे चौकात चार थर एकावर एक येऊन गाठ होत नाही. रांगेच्या शेवटी बोटभर साखळी सोडून धागा कापा. पुढच्या आडव्या शिलाईत ती दाबली जाते.

मशीनला न जमणारे काम

इथपर्यंत वरचा थर तयार झाला. खालचा थर म्हणून जुनी सुती चादर किंवा ओढण्या जोडून घ्या. थंडी जास्त असलेल्या भागात मध्ये आणखी एक चादर घाला. कोकणात मात्र दोनच थर ठेवा, असा माझा आग्रह आहे. टी-शर्टचे कापड साधारण १६० ते १८० ग्रॅम प्रति चौरस मीटर असते. दोन थरांचे पांघरूण किलोच्या आतच राहते. एकटी बाई ते पिळू शकते आणि पावसाळ्याच्या उघडिपीत ते वाळते. आमच्या पुरात गेलेल्या गोधड्या आठ-आठ थरांच्या होत्या. त्या कोरड्या असताना आधार होत्या, भिजल्यावर ओझे झाल्या.

थर एकावर एक ठेवले, पण ते एकमेकांना धरणार कसे? इथे ओव्हरलॉक हात टेकते. त्याला चाकू असल्याने ते फक्त कडेने चालते. कापडाच्या मध्यात शिवू शकत नाही. मी आपाला फोन केला. ती म्हणाली, "ते मला येत नाही. आमच्या कामात मधलं काही नसतंच. अम्मीला विचार."

सासूबाईंचे वय त्या वेळी सत्तरीच्या पुढे. बोटांच्या सांध्यांमुळे त्यांनी सुई ठेवून चार-पाच वर्षे झाली होती, आणि पुरात गोधड्या गेल्यापासून शिवणाचा विषयच त्या काढत नव्हत्या. मी पांघरूण चटईवर पसरले आणि म्हटले, "अम्मी, मध्ये कसं धरायचं?" त्यांनी जरा वेळ बघितले. मग मुलीला हाक मारली, मोठ्या नेढ्याची सुई आणि गोधडीचा जाड सुती दोरा आणायला सांगितला आणि तिला शेजारी बसवले. "मध्यापासून बाहेर जायचं. मध्ये हवा राहिली की फुगतं. धावदोरा बोटाच्या पेराएवढा. ओढू नकोस, नुसता बसव."

तीन दुपारी त्या दोघी बसल्या. दादी बोट ठेवून दाखवायची, नात टाका घालायची. प्रत्येक चौकोनाच्या चारही बाजूंनी एक धावदोरा. ज्यांच्याकडे एवढा वेळ नाही त्यांनी प्रत्येक चौकात जाड दोऱ्याची घट्ट गाठ मारली तरी चालते. वीतभर अंतरावर गाठी असल्या की थर सरकत नाहीत.

शेवटी कड. चारही कोपरे छोटी ताटली ठेवून गोल कापा. ओव्हरलॉकला काटकोनात वळणे जड जाते, गोलाईत ते सहज फिरते. मग सगळे थर एकत्र धरून हळू गतीने चहूबाजूंनी ओव्हरलॉक मारा. घरगुती मशीनला थर जाड झाले तर ओढाताण करू नका, जुन्या सुती साडीची ८ सेंटिमीटरची पट्टी घेऊन साध्या मशीनवर गोट लावा. सुरुवातीची आणि शेवटची साखळी मोठ्या सुईत ओवून शिलाईच्या आत ओढून घ्या. नुसती कापून सोडली तर पहिल्याच धुण्यात तिथून उसवायला सुरुवात होते.

देण्याआधी

पांघरूण तयार झाल्यावर मुलीने नियम केला की पहिली रात्र आपण घ्यायचे. तिने आणि तिच्या भावाने ओढाओढी करून ते रात्रभर वापरले. सकाळी एका ठिकाणी जोड सुटलेला सापडला. तो शिवला, पांघरूण धुतले, उन्हात वाळवले. आता ते देण्यासारखे झाले.

आमच्या पाड्यात एक खाला एकट्या राहतात. त्यांच्याही घरात पाणी आले होते. मी न्यायच्या आधी विचारले, "खाला, घरी एक पांघरूण शिवलंय. जुन्या कपड्यांचं आहे. वापराल का?" जुने आहे हे आधीच सांगितलेले बरे. लपवलेले उशिरा कळले तर जास्त लागते. खाला म्हणाल्या, "आण बघू."

त्यांनी पांघरूण उघडले आणि सरळ उलटे केले. आपल्याकडच्या जुन्या बायका शिवण मागच्या बाजूने बघतात. दोन्ही अंगठ्यांनी एक जोड ताणून पाहिला. मग धावदोऱ्यावरून बोट फिरवले. "हा हात कुणाचा?" मुलगी म्हणाली, "माझा. दादीने सांगितलं." खालांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पांघरुणाची घडी केली आणि पेटीवर ठेवली.

महिनाभराने मुलगी त्यांच्याकडे जाऊन आली ती खट्टू होऊन. "खाला ते वापरतच नाहीत. स्वतः जुनीच चादर घेतात." पुढच्या वेळी मी सहज विचारले. खाला म्हणाल्या, "अगं, पाहुण्यांसाठी ठेवलंय ते. पाहुण्याला का फाटकी चादर द्यायची?"

मी घरी येऊन ते मुलीला सांगितले. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने बापाच्या कपाटातून तीन टी-शर्ट काढले आणि उजेडासमोर धरून बघू लागली.

पोते, ब्लँकेट आणि आपण

पुराच्या मदतीत आम्हाला राखाडी रंगाचे एक ब्लँकेटही मिळाले होते. हरियाणातल्या पानिपतमध्ये देशोदेशींचे टाकून दिलेले लोकरी कपडे फाडून, पिंजून, पुन्हा सूत काढून अशी स्वस्त ब्लँकेटे विणतात, आणि आपत्तीच्या वेळी ती जगभर वाटली जातात. आमचे तसेच होते की काय ते ठाऊक नाही, पण एवढे नक्की की पोत्यातला टी-शर्ट आणि पानिपतचे ब्लँकेट ही दोन्ही मुळात टाकलेलेच कापड. फरक मधल्या मेहनतीचा आहे. ब्लँकेटमागे कुणीतरी हात लावला होता, म्हणून ते घेताना मान खाली गेली नाही.

आता रमजानच्या आधी कपाटे आवरताना आमच्याकडे तीन ढीग होतात. पहिला, जसेच्या तसे घालता येतील अशा कपड्यांचा. ते धुऊन, बटणे लावून, इस्त्री करून, कोणाला कोणत्या मापाचे हवेत हे विचारून द्यायचे. दुसरा, ज्यांचे काठ गेले पण कापड चांगले आहे त्यांचा. ते चौकोनांसाठी. तिसरा फडक्यांचा. तो आपल्याच घरात राहतो. पांघरूण शिवायचे ते ऑक्टोबर ते मे या कोरड्या महिन्यांत. पाऊस सुरू होण्याआधी निदान एक तरी तयार असावे असा प्रयत्न असतो, कारण कुणाच्या दारात पुन्हा कधी पाणी येईल हे अल्लाहलाच ठाऊक.

दोन वर्षांत आमच्याकडून अवघी पाच पांघरुणे झाली. फार नाहीत. एवढ्याने जुन्या कपड्यांचा प्रश्न सुटत नाही. पण आमच्या घरातून आता बंद गाठोडे बाहेर जात नाही. प्रत्येक कपडा हातात घेऊन मुलगी विचारते, "अम्मी, हा आपल्याला कुणी दिला तर आपण घालू का?" उत्तर 'नाही' असेल तर ती कात्री आणि पुठ्ठ्याचा चौकोन घेऊन बसते.